फुगलेलं रबर

पुतणीने गाडीचं नाव काढलं तेव्हा मिस्त्री नुसताच ‘बघू’ म्हणाला. त्याच्या ‘बघू’चा अर्थ साऱ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होता, पण पोरगी ऐकणाऱ्यातली नव्हती. जंगलाच्या पाहणीचं काम तिला नुकतंच मिळालं होतं. सोमवारी डोंगरापलीकडच्या तळावर हजर व्हायचं होतं, आणि बापाची जुनी फोर-बाय-फोर काकाच्या शेडमध्ये धूळ खात पडली असताना दुसरी गाडी कशाला शोधायची, असं तिचं म्हणणं.

तिचा बाप म्हणजे मिस्त्रीचा थोरला भाऊ. अकरा वर्षांपूर्वी खाणीच्या उतारावर हीच गाडी कठड्यावर आदळली आणि तो जागच्या जागी गेला. गाडी ठणठणीत होती, हाच भरधाव होता, असं तेव्हा मिस्त्रीने सगळ्यांना सांगितलं. गाड्यांच्या बाबतीत त्याचा शब्द खाली पडत नसे. पोरगी त्या बेफिकीर माणसाची मुलगी म्हणूनच वाढली. वहिनीने तिला कितीतरी वर्षं स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता.

काम मात्र मिस्त्रीने जीव ओतून केलं. दुकानातला पोरगेला विक्रेता सगळ्यात भारी, सगळ्यात नवं गिअर ऑइल पुढे सरकवत होता. मिस्त्रीने त्याला झाडलाच. जुन्या गिअरबॉक्सात पितळी रिंगा असतात, हे जहाल ऑइल त्या खाऊन टाकतं, डब्यावरची अक्षरं वाचायला शीक, असं म्हणून त्याने मागच्या फळीवरचं साधं ऑइल काढायला लावलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलेलं असतं, त्याने जुन्या नळ्यांचा लगदा होतो, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या घेतल्या. ब्रेकचं तर विचारूच नका. मास्टर सिलिंडरची रबरं सीलबंद पाकिटातली, ब्रेक ऑइलचा डबा त्याने स्वतः फोडला, आणि रबरं बसवून काठोकाठ भरलं. शेडला कुलूप लावलं. किल्ली एकच, ती त्याच्या कमरेला.

सकाळी पॅडल दाबलं तर ते दगडासारखं घट्ट. मिस्त्रीने सिलिंडर उघडला. आदल्या दिवशी बसवलेली रबरं भिजलेल्या हरभऱ्यासारखी फुगली होती आणि आतून गिअर ऑइलचा गंधकी, उग्र वास येत होता.

त्याने माल खराब निघाला असं ठरवलं, दुसऱ्या दुकानातून दुसरं पाकीट आणलं, सिलिंडर स्पिरिटने तीनदा धुतला. दुसऱ्या सकाळी तेच. मग सगळे पाइपसुद्धा बदलले, भरताना डब्यातल्या ऑइलचा थेंब बोटावर घेऊन हुंगून पाहिला. तिसऱ्या सकाळी झाकण उघडायच्या आधीच शेडमध्ये तो वास भरला होता. भर उजेडात, रस्त्यावर लोकांची ये-जा चालू असताना मिस्त्रीने कमरेची किल्ली चाचपून पाहिली. बाकावर बसून त्याने तीनही दिवसांची रबरं ओळीने मांडली. ब्रेकमध्ये गिअर ऑइल पडलं तरच रबर असं फुगतं. हे त्याने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, ह्याच गाडीत, भावाला पोहोचवून आल्यावर.

रिकाम्या डब्यात उरलंसुरलं ऑइल ओतून ठेवायची त्याच्या शेडची पद्धतच होती. कोणत्या डब्यात काय, ते त्याच्या डोक्यात असे, आणि त्याचा त्याला तोरा होता. अपघाताच्या आदल्या दिवशी ब्रेक ऑइलच्या डब्यातून त्याने भावाच्या गाडीच्या ब्रेकमध्ये न बघता गिअर ऑइल भरलं. मोडलेली गाडी ओढून आणली ती त्याच्याच शेडमध्ये. चौकशीवाले यायच्या आत त्याने रबरं बदलली, सिलिंडर धुतला, आणि मग भरधाव होता म्हणून सांगितलं.

गाडी भंगारात काढू, असं पुतणीला सांगायचं त्याने ठरवलं. पण ती दुपारी आली तीच हसत. नवा आरसा घेऊन आली होती. म्हणाली, “काका, तो उतार मला एकदा सावकाश उतरायचाय. बाबांना जमलं नाही ते मी करून दाखवीन.”

मिस्त्रीला हे ऐकवेना. “तुझ्या बाबाला जमत होतं,” तो म्हणाला. “ब्रेकच नव्हते. मी चुकीचं ऑइल भरलं होतं.” आणि मग डब्याचं, धुण्याचं, खोटं बोलल्याचं, सगळं त्याने खाली मान घालून सांगितलं.

तिच्याकडे बघायची मिस्त्रीची हिंमत होईना. हातांना दुसरं काही सुचेना म्हणून त्याने चौथं पाकीट फोडलं, रबरं बसवली, ऑइल भरलं आणि तो गाडीखाली शिरला. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पॅडलवर, एक चाकापाशी. ड्रायव्हरचं दार उघडल्याचा आवाज झाला, सीटची स्प्रिंग करकरली. पोरगी बसली, एवढं तरी केलं तिने, म्हणून त्याला भरून आलं.

“दाब,” तो म्हणाला. पॅडल खाली गेलं. “धर.” त्याने चाकाचं हवा सोडायचं निपल सैल केलं, बुडबुडे आले, निपल आवळलं. “सोड.” एकदाही चूक झाली नाही. नवख्या माणसाचा पाय घाईने सुटतो, हा पाय सुटत नव्हता. चौथ्या चाकाला तर ‘धर’ म्हणायच्या आत पॅडल धरलेलं होतं.

मिस्त्री बाहेर आला. सीट रिकामी होती, आणि शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकलेली होती. तिथे बसून पुतणीचे पाय पॅडलला पुरलेच नसते. ती पार फाटकापाशी पाठ करून उभी होती, कानाला फोन. मघापासून ती आईशीच बोलत होती. रडत होती. सीटच्या कापडावर मिस्त्रीने हात ठेवला, ते उबदार होतं. भीतीपेक्षा त्याला भावाची आठवणच जास्त झाली, आणि तो तिथेच सीटला धरून रडला.

सकाळी रबरं कोरी करकरीत होती. वास नव्हता. पॅडल हवं तिथे येऊन थांबत होतं. पुतणी सामानाची पिशवी घेऊन आली. तिने सीट पुढे ओढली, पॅडल दोनदा दाबून पाहिलं, आरसा नीट केला.

“मिस्त्री,” ती म्हणाली, “गाडी तयार आहे का?”

जन्मल्यापासून ती त्याला काका म्हणत आली होती. तयार आहे, असं म्हणून त्याने तिच्या हातात किल्ली दिली.