आरोहीचे केस

पिरंगुटमागच्या वस्तीत मी केस मागायला गेले की बाया दारं लावून घ्यायच्या. केसांवर करणी करतात म्हणे! मी प्रयोगशाळेत काम करते, स्मशानात नाही, हे किती जणींना सांगत बसू? वस्तीच्या वरच्या अंगाला अर्ध्या वर्षापूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायची शेड सुरू झाली होती. तिथलं शिसं बोअरच्या पाण्यात उतरून माणसांच्या अंगात जातंय का, एवढंच मला बघायचं होतं. केस महिन्याला नखभर वाढतात आणि त्या महिन्यात अंगात गेलेलं विष जपून ठेवतात.

जयाची आरोही तीन वर्षांची. जयाची सासू रंभाबाई उंबऱ्यातच आडवी आली.

"केसावरनं मानसाचं समदं कळतं. न्हाई द्यायचं."

"आजी, मला तेच तर हवंय," मी हसून म्हणाले. ती हसली नाही.

शेवटी जयाच म्हणाली, "पोरगी निजलीया. मीच कापून आनते." आतून तिने कागदात गुंडाळलेली बट आणून दिली. मी पाकिटावर नाव लिहिलं, आरोही.

बट धुतली, टोकापासून मुळापर्यंत तिचे तुकडे केले, एकेक तुकडा आम्लात विरघळवून यंत्राला दिला. टोकाला शिसं जवळजवळ नव्हतंच. शेवटच्या पाच महिन्यांत मात्र ते चढतच गेलं होतं. एवढ्याशा पोरीच्या मेंदूचं काय होणार?

तशीच वस्तीवर गेले. "हे पाणी बंद करा, आरोहीचं रक्त आजच तपासू," म्हणाले. ऐकता ऐकता जयाचा चेहरा उजळला.

"म्याडम, ती केसं तिची न्हाईतच! ह्या आत्याबाई नगं म्हनल्या, म्हनून माझी दिली. सुटली माझी पोर!"

पोर सुटली नव्हती, पाणी तेच होतं. मी ते सांगणार, तोच जया उठून उभी राहिली आणि पदराआडचं पोट मला आज पहिल्यांदा दिसलं.

"कितवा?" मी विचारलं.

"पाचवा."

पोटातल्या बाळाचं पाणी म्हणजे आईचं रक्त, आणि त्यात शिसं होतं. मी सांगितलं. सांगावंच लागलं.

रंभाबाई उठली. मूठभर मीठ-मिरच्या घेऊन तिने जयावरून उतरवल्या. डोळे मात्र माझ्यावर होते. जयाला लागलेली दृष्ट माझीच, असं ते डोळे म्हणत होते. मला राग यायला हवा होता, पण भीती वाटली.

"ठसका लागला तर काय न्हाई. न्हाई लागला, तर नजर लागलीया," ती म्हणाली आणि मूठ चुलीत रिकामी केली.

मिरच्या तडतडल्या, धूर घरभर झाला. आम्ही तिघी चुलीकडे बघत उभ्या राहिलो. मी तर खोकायचा प्रयत्नसुद्धा केला.

ठसका कुणालाच लागला नाही.