मोसंबीचा निळा उजेड

गिरिजाबाईंना स्तनाचा कॅन्सर निघाला, केमो सुरू झाली, तेव्हा त्यांची भाची आकांक्षा विद्यापीठात याच रोगाच्या औषधावर संशोधन करत होती. केमोहून आपल्या गावी, अंतरवाली सराटीला परतल्यावर गिरिजाबाईंना पाणीही पचत नसे. "गाठ मरून राह्यली का मीच, काही कळंना," त्या म्हणायच्या.

औषध गाठीसोबत चांगल्या पेशींनाही मारतं, हे आकांक्षाला ठाऊक होतं. ते औषध स्वतःच्या अंगावर वाहून नेईल आणि गाठीपाशीच सोडेल, असं काहीतरी तिला हवं होतं. तिनं आत्याच्या बागेतल्या मोसंबीचा रस बंद भांड्यात तापवून कार्बनचे कण बनवले, साध्या डोळ्यांना कधीच न दिसणारे. त्यांवर औषध चढवलं. गाठीभोवती आंबटपणा जास्त असतो. त्या आंबटपणानं औषध तिथंच सुटावं, असा बेत होता.

पहिल्या चाचणीत कॅन्सरच्या पेशी मेल्या. प्रयोगशाळेतले सगळे खूश झाले. आकांक्षानं मात्र औषधाविना नुसते कण चांगल्या पेशींवर घालून पाहिले. त्याही मेल्या. तिला कुणी विचारलं नव्हतं, तरी बैठकीत ती उभी राहिली. "माझे कणच विषारी आहेत," म्हणाली.

कित्येक आठवड्यांचं काम मागं पडलं. कण शुद्ध करण्याची पद्धत बदलत ती पुन्हा पुन्हा तपासत राहिली. अखेर काचेच्या बशीत चांगल्या पेशी जगल्या आणि कॅन्सरच्या मेल्या.

केमोसाठी शहरात आलेल्या आत्याला तिनं प्रयोगशाळेत नेलं. जांभळ्या दिव्याखाली धरलेली त्या कणांची कुपी निळी उजळली.

"ही आपली मोसंबी?" गिरिजाबाईंनी केस गेलेल्या डोक्यावरचा पदर सावरला. "मला कधी मिळंल हे औषध?"

आकांक्षाचा आवाज उतरला. "तुला न्हाई मिळायचं, आत्या. आधी उंदरांवर तपासायचं, मंग माणसांवर. लय वर्षं लागतील. जमंल का, तेबी सांगता येत न्हाई."

गिरिजाबाईंनी कुपीकडं बोट दाखवलं. "मंग जल्दी करू नको. बिलकुल बराबर तपास. कुणाच्या तरी अंगात जायचंय ते."

दुपारी त्या नेहमीच्या केमोला गेल्या. सलाईन संपेपर्यंत आकांक्षा त्यांचा हात धरून बसली.

आता त्यांचे उपचार संपलेत, तपासणीत गाठ दिसत नाही. गावातल्या बाया विचारतात, "भाचीच्या औषधानं बरं वाटलं म्हणे?"

"न्हाई वो, दवाखान्याच्या औषधानं," गिरिजाबाई अभिमानानं सांगतात. "तिचं अजून उंदरांवर चालू हाय. मोठं काम हाय ते."