गुलाबी भुगा

कवळीवाल्याने प्लास्टिकच्या छोट्या विमानाच्या धडाचे दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरले, तेव्हा नाक जुळलं आणि शेपटी फाकली. शेपटी चिमट्यात धरली, तर नाक उघडलं. डावा भाग उजव्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढा लांब होता. पंख तर दोन वेगवेगळ्या विमानांचे असावेत, किंवा एकाच विमानाचे, पण बोलणं टाकलेले. खोक्यावर मात्र 'जुळणी अत्यंत सोपी' असं छापलेलं होतं.

तो मनापासून खूश झाला.

कवळीवाला हे काही त्याचं नाव नव्हतं, पण इमारतीत सगळे त्याला तसंच म्हणत. दातांच्या लॅबमध्ये तो वीस वर्षं कवळ्या बनवत होता. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेत, त्या मापात प्लास्टरचा जबडा ओतला जाई आणि त्या जबड्यावर हा कवळी घडवी. तिथे सगळं पहिल्या फटक्यात बसावं लागे. म्हणून रविवारी त्याला न बसणारी विमानं लागत. दुकानदाराने एकदा भल्या कंपनीचं खोकं पुढे केलं, तर भाग टकाटक बसत गेले आणि संध्याकाळच्या चहापर्यंत विमान तयार. त्याला फसवल्यासारखं वाटलं. तेव्हापासून, इतर गिऱ्हाइकांनी शिव्या देऊन परत केलेली खोकी दुकानदार त्याच्यासाठी बाजूला ठेवी. फटीत लांबी, म्हणजे बुजवायचा लगदा, भरायची, वाळू द्यायची, कानशीने उतरवायची, मग ओल्या पॉलिशपेपरने इतकी गुळगुळीत करायची की बोट फिरवलं तरी इथे कधी फट होती हे कळू नये. लबाडीच ती, पण कष्टाची.

त्या रविवारी दुपारी त्याने बारीक कानस उचलली आणि थांबला. तिच्या दात्यांत गुलाबी भुगा अडकला होता. पॉलिशपेपरच्या घडीतही गुलाबी.

त्याने कपाटावरच्या एकवीस विमानांकडे पाहिलं. राखाडी, हिरवी, एक निळं. गुलाबी विमानाचं कोणत्याच हवाई दलाने अजून मनावर घेतलेलं नव्हतं. मग त्याने भुगा दोन बोटांत चोळला, आणि त्याच्या आधी बोटांना कळलं. कवळीची हिरडी ज्या प्लास्टिकची करतात, ते हे. लॅबचं काम तो कधी घरी आणत नसे. घरात तसलं प्लास्टिक एकाच ठिकाणी होतं, अप्पांच्या तोंडात. अप्पा म्हणजे त्याचे वडील.

बायको कपड्यांच्या घड्या करत होती. तिला विचारलं, तर तिलाच नवल वाटलं.

"तुला माहीत नव्हतं? तू कामावर गेलास की बसतात तुझ्या टेबलाशी. रोज नाही, आठवड्यातून दोनतीनदा. चष्मा लावून, तुझा दिवा ओढून."

"आणि तू मला बोलली नाहीस."

"त्यांनाच म्हटलं मी, दुखतंय तर त्याला सांगा की. तर म्हणाले, त्याच्या विमानांचं तरी कुठं पहिल्या झटक्यात जुळतं."

ती घड्यांचा गठ्ठा उचलून आत गेली. तो कानस धरून उभा राहिला.

अप्पांनी सगळी नोकरी बस स्थानकावर घोषणा करण्यात घालवली होती. अमुक गाडी तमुक फलाटावर. माणसं गाडी नसतानाही ऐकत थांबत, असा आवाज. निवृत्तीनंतर दात गेले आणि मुलाने कवळी केली, तेव्हा अप्पा शेजारीपाजारी तोंड उघडून दाखवत फिरले. पण त्या कवळीतून त्यांचा 'स' शीळ घालू लागला. आधी घरात सगळे हसले, अप्पासुद्धा हसले. मग अप्पांनी 'स'च वापरणं सोडलं. सूनबाईची 'अगं' झाली. साखर 'ते गोड' झाली. साडेसात वाजले की अप्पा म्हणत, आठ वाजायला अर्धा घंटा आहे. पुढेपुढे बोलणंच कमी झालं. जुने सहकारी दर महिन्याला एकत्र जेवत, तिथे जाणं बंद झालं. कारण, गुडघे. तीन जिने चढून येताना त्या गुडघ्यांना काही होत नसे, पण हे कुणी तोंडावर म्हणालं नाही. घरी ते बिस्किट चहात बुडवून बुडवून खात आणि सफरचंदाची फोड पुढे आली की पोट भरल्याचं सांगत.

हे सगळं कवळीवाल्याने पाहिलं होतं आणि वयावर ढकललं होतं. ढकलायला त्याच्याकडे कारण होतं.

चौदा महिन्यांपूर्वी अप्पांचा प्लास्टरचा जबडा त्याच्या हातून लॅबच्या टेबलावर आपटला. खालच्या हिरडीवर डावीकडे टवका उडाला. अशा वेळी डॉक्टरांकडे जाऊन नवं माप घ्यायचं असतं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत त्याने तेच केलं असतं. पण हे घरचं काम होतं, आणि घरचं काम कसं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याने टवक्यात लांबी भरली. वाळल्यावर उतरवली, पॉलिशपेपर मारला, बोट फिरवून पाहिलं. फट कळत नव्हती. विमान असतं तर पहिलं बक्षीस होतं. पण अप्पांच्या हिरडीला त्या जागी छोटासा उंचवटा होता. तो त्याने हाताच्या सवयीने सपाट करून टाकला आणि त्या सपाट जबड्यावर कवळी बसवली. जेवढा उंचवटा प्लास्टरवरून गेला, तेवढं गुलाबी प्लास्टिक जास्तीचं आलं आणि प्रत्येक घासाला अप्पांच्या हिरडीत रुतत राहिलं.

"कशी बसलीय?" त्याने तेव्हा विचारलं होतं. अप्पा म्हणाले होते, मस्त. त्याने पुन्हा विचारलं नाही.

अप्पा खोलीत पेपर वाचत होते. कवळी वाटीत, पाण्यात. तो आत आला तसा अप्पांचा हात वाटीकडे गेला, पण वाटी याने आधी उचलली. खालची कवळी उलटी करून उजेडात धरली. डावीकडे, बरोबर त्या जागी, खोलगट घासलेलं होतं. इकडे नाही, तिकडे नाही. कडा गोल केलेल्या, वरून ओला पॉलिशपेपर फिरवलेला. लॅबमध्ये एवढा हात बसायला वर्षं जातात. आणि जागा शोधायला अप्पांकडे साचा नव्हता, भिंग नव्हतं. जिथे दुखतं तिथे, एवढीच खूण.

"केसभर राहिलंय अजून," अप्पा पेपरमधून वर न बघता म्हणाले. कवळी तोंडात नव्हती, त्यामुळे 'स' चुकवायचं कारण नव्हतं. "जास्त गेलं तर तुझी मेहनत वाया जाईल, म्हणून हळूहळू करतोय. कानस धुऊन ठेवली होती रे मी."

"अप्पा, तोंड उघडा."

मोबाइलच्या उजेडात त्याने पाहिलं. जखम वगैरे नव्हती. घट्टा पडला होता. हातोडी मारणाऱ्याच्या तळव्याला पडतो तसा, पांढुरका, कडक.

तो पलंगाच्या कडेला बसला. "तुमच्या जबड्याचा साचा माझ्या हातून पडला होता," तो म्हणाला. "टवका उडाला. मी लांबी भरून चालवून घेतलं. नवं माप घ्यायला हवं होतं, घेतलं नाही. चूक तुमच्या तोंडात नव्हती, अप्पा. साच्यात होती. मला माहीत होतं."

अप्पांनी पेपरची घडी घातली. मग तीच घडी पुन्हा नीट घातली.

"असं होय," ते म्हणाले. "मला वाटलं माझंच तोंड वाकडं."

एवढंच. चार शिव्या घातल्या असत्या, तर त्याला जेवण गेलं असतं. त्या दिवशी गेलं नाही.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, चार दिवस कवळी काढून ठेवा, हिरडीला श्वास घेऊ दे, मग या. चार दिवस अप्पा बिनदातांचे राहिले आणि भरपूर बोलले. अर्धं कुणाला कळत नव्हतं. पाचव्या दिवशी ते डॉक्टरांच्या खुर्चीत बसले, गळ्याला कागदी रुमाल बांधून, परीक्षेला बसल्यासारखे. डॉक्टर हातमोजे घालू लागले, तेव्हा कवळीवाला म्हणाला, माप मी घेऊ? डॉक्टरांनी हातमोजे त्याच्याकडे दिले आणि म्हणाले, घे, मी बघतो.

वीस वर्षं तो तोंडांसाठी काम करत होता, पण तोंडात बोट कधी घातलं नव्हतं. प्लास्टरचा जबडा थंड असतो. हा गरम होता, ओला होता आणि थरथरत होता. मापाच्या पेस्टने भरलेला ट्रे त्याने हिरडीवर बसवला आणि दोन बोटांनी दाबून धरला. तीन मिनिटं हलायचं नव्हतं. लाळ त्याच्या मनगटावरून बाहीत उतरली. दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर होते आणि बघायला दुसरं काहीच नव्हतं. अप्पा आढ्याकडे बघत राहिले. एकदा त्यांना खोकला आला, तो त्यांनी डोळे घट्ट मिटून गिळला.

ट्रे सुटला. त्याने तो खिडकीशी नेला. माप स्वच्छ आलं होतं, आणि डावीकडे, उंचवट्याच्या जागी, मसुरीएवढा खळगा स्पष्ट उमटला होता.

"हललो का रे मी?" अप्पांनी खुर्चीतून विचारलं. "मधेच तो खोकला आला. माझ्यामुळे बिघडलं असेल तर परत घे."

"नाही अप्पा. नीट आलंय."

पण त्याला वळायला उशीर झाला होता. अप्पांनी डोकं मागे टेकलं होतं, डोळे मिटले होते आणि दुसऱ्या मापासाठी तोंड पुन्हा उघडून ठेवलं होतं.