बाहेरून कुलूप

परदेश बघायला आलोय तर दुपारी झोपायचं नाही, असं माझ्या मुलाचं म्हणणं. मी म्हटलं, "परदेश कुठं पळून चाललाय? गुडघे मात्र चाललेत माझे." म्हणून जेवण झालं की तो आणि सूनबाई फिरायला बाहेर, आणि मी आडवी.

भाड्याने घेतलेलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. घर कसलं, दोन खोल्या. पण ऐट केवढी! नळ फिरवायचा नाही, नुसता हात पुढे केला की पाणी. कपडे धुवायचं यंत्र तर काम झालं की किंचाळून सांगायचं. मी जन्मभर सगळ्यांचे कपडे धुतले, पण अशी जाहिरात कधी केली नाही.

खिडकी चार बोटंच उघडायची. माणूस पडू नये म्हणून म्हणे. समोरच्या इमारतीत माझ्याच वयाची एक बाई झारीने कुंड्यांना पाणी घालायची. पहिल्या दिवशी मी तिला नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी तिने मला केला, झारी काखेत धरून. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. तरी आमचं छान जमलं. भांडायला विषयच नव्हता ना.

त्या दुपारी यंत्र किंचाळलं तशी मी नुसती कूस बदलली. पण ते थांबेचना. उठून बघते तर यंत्र गप्प, आत एक कपडा नाही. आवाज जिन्यातल्या भोंग्याचा होता. मग वास आला, जळकट, प्लास्टिकसारखा. चपला घातल्या, पर्स घेतली आणि दाराची मूठ खाली दाबली. दार हललं नाही.

खांद्याने रेटलं. पुन्हा रेटलं. बाहेरून कुलूप होतं. त्या दाराला आतून कडी नाही, खटका नाही, नुसतं किल्लीचं भोक. किल्ली मुलाच्या खिशात.

आमच्या घरी ही पद्धतच आहे. कुणी झोपलेलं असलं की बाहेरून कुलूप घालून जायचं, म्हणजे दार उघडायला उठावं लागत नाही. पण घरी शेजारणीकडे दुसरी किल्ली असते, हाक मारली की ती येते. इथे कोणाला हाक मारू? आणि या वेळी कारण माझ्या झोपेचं नव्हतंच, हे तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात आलं. परवा मी एकटीच खाली उतरून कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आले होते. परत येते तर मुलगा दारात, चेहरा पांढराफटक. "आई, हरवली असतीस म्हणजे?" त्याने मला कोंडलं होतं. माझ्या पोटच्या पोराने.

फोन लावला. माझा फोन घरातल्या वायफायवर चालतो आणि त्याचाही तसाच, तो बाहेर पडला की मुका. "उचल ना रे, मेल्या!" मी ओरडले आणि लगेच जीभ चावली. अशा वेळी असलं तोंडातून काढू नये.

दाराखालून धूर यायला लागला. टॉवेल ओला करून फटीत कोंबला. अर्धं पाणी माझ्याच पायावर. आता कधीही बोलावणं येवो, माझी तयारी आहे, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगत असते. सपशेल खोटं. मला मरायचं नव्हतं. आणि असं कोंडून तर नव्हतंच नव्हतं.

खिडकीशी धावले. इमारतीतली माणसं समोरच्या फुटपाथवर उभी होती. कुणी गप्पा मारतंय, कुणी कुत्र्याला कडेवर घेतलंय. त्या चार बोटांच्या फटीला तोंड लावून मी ओरडले, "अहो, वर बघा! मी आत आहे!" पण त्या भोंग्यापुढे माझा आवाज कोण ऐकणार?

समोर झारीवाली होती. मी दोन्ही हात हलवले. तिनेही हलवले, झारीसकट. मी हात जोडले. अहो, तिनेही जोडले! वर मान वाकडी करून गोड हसली.

"अगं बाई, नमस्कार नाही गं हा!" म्हणेपर्यंत मला रडू फुटलं. मी काचेवर थापा मारत होते, नाक गळत होतं, घशात धूर जात होता. तिचं हसू हळूहळू गेलं. हातातली झारी सोडून ती एकदम खिडकीतून नाहीशी झाली.

गेली. मला वाटलं, हीसुद्धा गेली. मी भिंतीला टेकून खाली बसले. खोकला थांबेना. मघाशी शिव्या दिल्या त्याच मुलाला मी हाका मारत होते.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दारावर घाव पडला, मग दुसरा, आणि दार फुटून तोंडाला मुखवटा लावलेला एक धिप्पाड माणूस आत आला. यमदूत असाच दिसत असेल. त्याने मला सरळ उचललं. "अरे ठेव खाली, चालता येतं मला," असं म्हणत मी त्याच्या गळ्याला घट्ट मिठी मारली.

आग खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात लागली होती. फुटपाथवर झारीवाली अनवाणी उभी होती. बंबवाल्याचा हात धरून तिनेच त्याला माझी खिडकी दाखवली होती. तिने मला जवळ घेतलं आणि तिच्या भाषेत भराभरा काहीतरी बोलत राहिली. बहुतेक मला रागावत होती.

तेवढ्यात मुलगा धावत आला. हातातल्या पिशव्या रस्त्यात टाकून तो माझ्या पायाशीच बसला. "आई, चुकलं माझं. मला भीती वाटत होती गं, तू हरवशील."

एक ठेवून द्यावी असं मनात होतं. पण हात वर जाईना.

"हरवले नव्हते रे मी," मी म्हटलं. "फिरायला गेले होते. फिरायलाच आणलंस ना मला?"

किल्ली त्याच्या मुठीतच होती. मागोमाग आलेल्या सूनबाईने ती सोडवून घेतली आणि माझ्या हातात दिली. दार तर फुटलं होतं, त्या किल्लीने आता काहीच उघडणार नव्हतं. मी ती पर्समध्ये टाकली आणि चेन लावून घेतली.