एकोणिसावा सेकंद

तंत्रज्ञ स्वयंपाकघरात शिरला आणि फ्रीजला कान लावून उभा राहिला.

"बिघडलाय का?" बाईंच्या धाकट्या बहिणीने विचारले. हातातला चहाचा ट्रे तिने तसाच धरून ठेवला होता.

"नाही, छान चाललाय. बाई, जरा इकडे येता? हा सूर ऐका आणि पियानोवर दाखवा."

बाई आल्या. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, पण कान शाबूत. चाळीस वर्षे त्यांनी ऑपेराच्या रंगमंचावर राण्या, विधवा आणि चेटकिणी गायल्या होत्या, पण फ्रीज ऐकायला त्यांना आजवर कोणी बोलावले नव्हते. तरी त्यांनी मान कलती करून ऐकले, तो सूर गुणगुणत बैठकीच्या खोलीपर्यंत जपून आणला आणि पियानोच्या डावीकडच्या दोन पट्ट्यांवर बोटे ठेवली.

"या दोघींच्या मधे कुठेतरी."

"बरोबर. विजेची गुणगुण आहे ती. शहरातल्या प्रत्येक घरात हाच सूर. आजही हाच आणि पन्नास वर्षांपूर्वीही हाच."

तंत्रज्ञ पन्नाशीचा, सर्दी झालेला आणि अतोनात सभ्य माणूस होता. रेकॉर्ड कंपनीने बाईंच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांचा संच काढायचे ठरवले होते आणि जुन्या टेपा स्वच्छ करायचे काम याच्याकडे होते. आल्यापासून तो काहीतरी सांगायचे टाळतो आहे, हे दोघी बहिणींच्या लक्षात आले होते.

त्याने लॅपटॉप उघडला. "आता हे ऐका. राणीचं गाणं सुरू व्हायच्या आधीची शांतता आहे. चारच सेकंद, पण आवाज खूप वाढवलाय."

राणीचे गाणे म्हणजे बाईंचे नाव आणि बाईंची बदनामी, दोन्ही. सव्विसाव्या वर्षी, एका ऑपेराच्या ध्वनिमुद्रणाच्या शेवटच्या दिवशी ते एकदाच मुद्रित झाले. तबकडी निघाली आणि गाण्याची शेवटची ओळ जगभर गाजली: एका श्वासात, हलक्या आवाजात, एकोणीस सेकंद. पण तबकडीवर ते गाणे मूळ पट्टीपेक्षा अर्ध्या स्वराने खाली होते. वरचा स्वर झेपत नाही म्हणून बाईंनी पट्टी उतरवून घेतली, असे समीक्षकांनी लिहिले. मी मूळ पट्टीतच गायले, यंत्रात खोट असेल, असे बाई म्हणाल्या. त्यावर एकाने छापूनच टाकले, नाचता येईना अंगण वाकडे. वादकांपैकी दोघांनी बाईंच्या बाजूने पत्र लिहिले, तर ते बाईंचे मित्र म्हणून मोडीत निघाले. अठ्ठेचाळीस वर्षे ती म्हण बाईंच्या मागे होती. मुलाखतीला आलेला प्रत्येक जण चहा पिऊन झाल्यावर हळूच तेच विचारायचा.

टेपवरची शांतता सुरू झाली. कोणीतरी पान उलटले, कोणाची तरी खुर्ची करकरली आणि त्याखाली एक बारीक गुणगुण होती. बाईंनी डोळे मिटले. गुणगुणल्या. पियानोवरची बोटे डावीकडे सरकली.

"ही खाली आहे."

"किती?"

"अर्धा स्वर," बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज चिरकला.

"वीज काही पट्टी उतरवून घेत नाही, बाई." तंत्रज्ञाने नाक पुसले. "शेवटच्या दिवशी मोठं यंत्र बंद पडलं म्हणून दुसरं आणलं होतं. ते टेप जास्त वेगानं ओढत होतं. त्यामुळे नंतर नेहमीच्या वेगानं वाजवली की सगळंच संथ आणि खाली. तुम्ही, व्हायोलिनं, वीजसुद्धा. आता खऱ्या वेगानं लावतो."

त्याने लावले. खोलीत एक सव्वीस वर्षांची मुलगी गाऊ लागली. तबकडीवरची ती गडद, भारदस्त बाई कुठे गेली कोण जाणे, हा आवाज लखलखीत होता. तिने वरचा स्वर असा सहज घेतला, की धाकटीने ट्रे खाली ठेवला आणि दोन्ही हात तोंडावर नेले.

"ताई! अगं, अंगण खरंच वाकडं होतं की गं!"

बाई हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. "फोन लाव त्या मेल्याला."

"तो खरंच मेला, ताई. नऊ वर्षं झाली."

त्या समीक्षकाच्या मृत्यूचे बाईंना प्रथमच मनापासून दुःख झाले.

तंत्रज्ञ मात्र हसत नव्हता. त्याने रुमालाची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"वेग वाढला, की वेळ कमी होतो, बाई. शेवटची ओळ आता अठरा सेकंद भरते."

बाईंचे हसू ओठांवरच राहिले.

"कंपनी म्हणते, तुमच्यावर आहे. आजवर होती तशीच काढू, एकोणीस सेकंदांसकट. किंवा खऱ्या वेगानं काढू आणि तसं छापू."

"एका सेकंदानं काय बिघडतंय?" धाकटी म्हणाली.

"तुला काय माहीत एक सेकंद म्हणजे काय!" बाई एकदम उसळल्या. मग सावकाश स्टुलावर बसल्या. "तबकडी निघाल्यावर मी ती ओळ रंगमंचावर गायले आणि अठराला माझा श्वास संपला. मला वाटलं, माझं काहीतरी गेलं. तबकडीवरची पोरगी करते ते मला का जमत नाही? ती पोरगी म्हणजे मीच ना! वर्षानुवर्षं तिच्यामागे धावले."

"पोटावर इस्त्री ठेवून जमिनीवर आडवी पडायचीस," धाकटी म्हणाली. "मला वाटायचं, वेड लागलं हिला."

"आणि तिलाही येत नव्हतं!"

बाईंनी स्वतःला दामटले ते दामटले, पुढे शिष्यांनाही त्याच मापाने मोजले होते. अकरा वाजता येणारी मुलगी तीन वर्षे अठरावर अडकली होती. हा महिना बघते, नाहीतर गाणे सोडते, असे ती मागच्या आठवड्यात दारात उभी राहून म्हणाली होती, आणि बाईंनी तिला फक्त "एकोणीस" असे उत्तर दिले होते.

बाई बराच वेळ पियानोच्या कडेवरची धूळ बोटाने पुसत राहिल्या. धूळ नव्हतीच.

"खऱ्या वेगानं काढा," त्या म्हणाल्या. "अठरा छापा."

"घाई नाही, बाई. विचार करून..."

"अठ्ठेचाळीस वर्षं ओरडतेय, मी खरं बोलते म्हणून. आता सोयीचं तेवढंच खरं कसं घेऊ?"

तंत्रज्ञाने मान डोलावली. तो वायर गुंडाळू लागला तशी बाईंनी विचारले, "पस्तिसाव्या वर्षी रेडिओवर तेच गाणं गायले होते. थेट प्रक्षेपण होतं. ती टेप आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"तिची वीज काय म्हणते?"

विचारले खरे, पण उत्तर ऐकायला त्या थांबल्या नाहीत. उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि या वेळी स्वतःच फ्रीजला कान लावला. सूर घेऊन परत आल्या. तंत्रज्ञाने रेडिओच्या टेपवरची शांतता लावली. बाई गुणगुणत होत्या आणि टेप गुणगुणत होती, आणि दोन्हींत केसाचेही अंतर नव्हते.

"स्टॉपवॉच तुम्ही धरा," तंत्रज्ञ धाकटीला म्हणाला.

शेवटची ओळ सुरू झाली. तबकडीवरच्यासारखी गडद आणि संथ, पण मूळ पट्टीत. ती सरत आली असे वाटले तरी सरेना. धाकटी स्टॉपवॉचकडे बघत होती आणि तिचा स्वतःचा श्वास कोंडला होता. ओळ संपली तेव्हा तिने बटण दाबले आणि मोठ्याने हुश्श केले.

"एकोणीस. वर थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

"तीन दशांश, ताई! यंत्रानं थाप मारली आणि तू ती खरी करून दाखवलीस!"

"पुन्हा लावा," बाई तंत्रज्ञाला म्हणाल्या. त्यांनी ती ओळ तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा ताठ उभे राहून ऐकली, गुडघ्यांची पर्वा न करता.

बेल वाजली. अकराची शिष्या आत आली, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि कोणाकडेही न बघता पियानोजवळ उभी राहिली.

"बाई, काल पंधरा वेळा केलं," ती म्हणाली. "अठराच येतात."

धाकटीने बहिणीकडे पाहिले. संच बाजारात यायला अजून सहा महिने होते. तोवर ही गोष्ट हे तिघे आणि कंपनी यांखेरीज कोणालाच माहीत नसणार होती.

"मलाही अठराच यायचे," बाई म्हणाल्या. "तुझ्या वयात."

मुलीला वाटले, बाई थट्टा करताहेत. तिने धाकटीकडे पाहिले, तर धाकटीने मान हलवून हो म्हटले. मुलगी मटकन स्टुलावर बसली आणि तिने दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकला. बाईंनी तिला तसे थोडा वेळ बसू दिले.

"मग एकोणीस?" तळव्यांमागून तिने विचारले.

"आले ना. नऊ वर्षं लागली." बाईंनी पियानोवर मूळ पट्टीचा स्वर धरला. "तुझी तीनच झालीत. ऊठ."

मुलगी उठली.