आधीचा फोटो

नीलमच्या सासूबाई, शैलाताई, कशाचंही काहीही करत. दोडक्याच्या शिरांची चटणी सगळेच करतात. या बाई कलिंगडाच्या पांढऱ्या गराची धिरडी घालत, उरलेल्या खिचडीचे वडे तळत आणि खाणाऱ्याला पत्ता लागू देत नसत. नीलम संध्याकाळी ऑफिसातून दमून आली की तिच्यापुढे दडप्या पोह्यांची बशी ठेवून मगच तिच्याशी बोलत. सासूचे पदार्थ नीलमने मोबाइलवर टाकायला सुरुवात केली आणि वर्षभरात बारा हजार लोक ते बघायला लागले. नाव सुनेचं, हात सासूचे. त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार केली ती एका परक्या बाईने. व्हिडिओखाली तिने लिहिलं, ‘रेसिपी मस्त, पण मागचे ते डबे जरा हटवा.’ आता लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? पण नीलमला ते लागलं. मागे होती शैलाताईंची स्टीलची मांडणी, लालबागच्या खोलीतून वीस वर्षांपूर्वी भाईंदरला आणलेली. तिच्यावरचा एक डबा दुसऱ्यासारखा असेल तर शपथ. साखरेच्या डब्याला पोचा, चहाचा डबा मुळात बिस्किटांचा, हिंगाच्या डबीला रबर बांधलेलं.

सासूसासरे आठ दिवसांसाठी चिपळूणला शुभदाताईंकडे, म्हणजे नणंदेकडे, गेले, तेव्हा नीलमने डाव साधला. शैलाताईंचा सहासष्टावा वाढदिवस जवळ आलाच होता. नवरा, पराग, म्हणाला, आईला विचार तरी. नीलम म्हणाली, विचारून देतात ते गिफ्ट कसलं? महिपत सुताराने पाच दिवसांत जुनं सगळं उखडून फिकट पिस्ता रंगाची कपाटं बसवली. मुठी नाहीत, नुसतं दाबलं की उघडतात. आत काचेच्या चोवीस सारख्या बरण्या, वर नीलमने स्वतः वळणदार अक्षरात लिहिलेल्या चिठ्ठ्या. मांडणी आणि डबे भंगारवाला घेऊन गेला. त्याआधी तिने जुन्या स्वयंपाकघराचा एक फोटो मात्र काढला. आधी आणि नंतर असे दोन फोटो शेजारी टाकायचे असतात ना, त्यासाठी. जुनं आणखी कळकट दिसावं म्हणून तिने मुद्दाम दिवा बंद केला होता.

शैलाताई आल्या, नव्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, ‘छान आहे हो,’ म्हणाल्या आणि बाहेर येऊन सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या. पर्स मांडीवर. अर्ध्या तासाने नवऱ्याला, काशीनाथरावांना, म्हणाल्या, “चला आता. घरी जाऊन कुकर लावायचाय.”

पराग हसला. काशीनाथराव हसले नाहीत.

त्यांनी नीलमला गॅलरीत बोलावलं आणि दोन वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगितली. शैलाताई विसरत चालल्या होत्या. आधी माणसांची नावं, मग रस्ते, मग वार. डॉक्टरांनी आजाराचं नावही सांगितलं होतं. गप्पांत अडल्या की काशीनाथराव मध्येच बोलून वेळ निभावून नेत. रिटायर झाल्यावर हे रोज लसूण सोलायला स्वयंपाकघरात का बसतात, म्हणून नीलम त्यांना चिडवायची. ते लसूण सोलत नव्हते, बायकोवर लक्ष ठेवत होते.

“स्वयंपाकघरात ती चुकत नव्हती गं,” ते म्हणाले. “डबा कुठे आहे, ते तिच्या हाताला माहीत होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिला गॅसजवळ जाऊ दिलं नसतं. तेवढंच तिचं शिल्लक होतं.”

चूक कुणाची? लपवलं त्यांची, आणि विचारलं नाही तिची. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते काही खरं नाही. नीलमला त्या दिवशी रडूही आलं नाही, इतकी लाज वाटली.

मग रोजचंच झालं. पाच वाजले की शैलाताई पर्स घेऊन बसत. काशीनाथराव त्यांना ‘घरी’ न्यायला निघत, जवळच्या खारी गावापर्यंत चालवत नेत आणि त्याच जिन्याने वर आणत. दार उघडलं की पुन्हा परकंच घर. त्या जेवतही थोडं. दुसऱ्यांकडे किती जेवायचं, म्हणत.

नीलमने रजा टाकली. तो काळोखा फोटो मोठा करून तिने डबा न् डबा मोजला. मांडणी भंगारवाल्याच्या दुकानात अजून पडून होती, सहा डबेही मिळाले. चहाचा डबा शेजारच्या हंसाबेनने उचलून ठेवला होता. “ले जा बेटा, आंटी का है,” म्हणत तिने त्यातली बडीशेप काढून डबा दिला. साखरेचा डबा काही सापडेना. तिने बाजारातून तसाच नवा आणला आणि फोटोत बघून, खलातल्या बत्त्याने, बरोबर त्याच जागी पोचा पाडला. महिपतने वरची कपाटं उतरवली. आम्ही एवढी सुंदर केली होती, असं तो पुटपुटला. त्याचंही खोटं नव्हतं.

शनिवारी दुपारी शैलाताई पाणी प्यायला आत गेल्या. नीलम ओट्याशी उभी. त्यांनी मांडणीकडे पाहिलं आणि पदर खोचला. हात न चुकता दुसऱ्या फळीवर गेला, पोह्यांचा डबा निघाला. मग तेल, मोहरी, रबर सोडून हिंग. साखर घेताना बोट त्या पोच्यावर टेकलं. दारात सोलायला लसूण घेऊन बसलेल्या काशीनाथरावांचा जीव भांड्यात पडला. फोडणीचा वास घरभर झाला आणि इतक्या दिवसांनी नीलमला रडू फुटलं.

शैलाताईंनी वळून पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

“बसा ना. आमची सून येईल एवढ्यात ऑफिसातून, तिच्यासाठी दडपे पोहे करतेय. तुम्हीही घ्या.”

काशीनाथराव काही बोलणार होते. नीलमने मानेनेच नको म्हटलं आणि ती बसली.

“तिला हे डबे आवडत नाहीत,” शैलाताई हळूच म्हणाल्या. “बोलत नाही बिचारी, पण मला कळतं. हौशी आहे फार. म्हटलं, करू दे तिला हवं तसं.”

“आवडतात तिला,” नीलम कशीबशी म्हणाली.

“तुम्ही ओळखता तिला?”

शैलाताईंनी नीलमपुढे बशी ठेवली, वर ओलं खोबरं घातलं, लिंबाची फोड दिली. उरलेले पोहे सुनेसाठी झाकून ठेवले. चव तीच होती. नीलमने बशी संपवली, कारण ती टाकली असती तर त्यांना वाईट वाटलं असतं.

सहा वाजता शैलाताई गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. आज उशीर झाला हिला, म्हणाल्या. नीलम त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तीही वाट बघू लागली.