गोळा केवढा आहे?

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. लगेच बाजारहाट आठवू नका. माझ्यात कुणी कधी भाजी घातली नाही. मी शेकायची पिशवी, रबराची, विटकरी रंगाची, गळ्याशी फिरकीचं बूच असलेली. सध्या एका शाळेच्या दवाखान्यात खिडकीजवळच्या खिळ्यावर माझा मुक्काम असतो. माझ्यात आता पाणी राहत नाही. तरीही माझं अगदी छान चाललं आहे, आणि ते कसं, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. साच्यात घालून मला चांगलं भाजून काढलं, मग एका बाईंनी माझ्यात हवा भरून मला पाण्याच्या टाकीत दाबून धरलं. बुडबुडा आला की नापास. माझ्यातून एकही बुडबुडा आला नाही. आयुष्यात मी दिलेली ती एकच परीक्षा, आणि तीत मी पहिल्या फटक्यात पास झाले, हे मी अजूनही येता-जाता सांगत असते.

तिथून मी या शाळेत आले. दवाखाना म्हणजे जिन्याखालची खोली. दोन लोखंडी खाटा, मध्ये हिरवा पडदा, एक कपाट, विजेची किटली आणि नर्सबाईंचं टेबल. पाणी गरम करून माझ्यात भरायचं काम शिपाईमामांचं. मला जास्त भरायचं नाही, वरची हवा दाबून काढायची आणि मगच बूच फिरवायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. मुलांना चटका बसू नये म्हणून मामींनी एका जुन्या स्वेटरच्या पाठीतून मला अंगरखा शिवून दिला. त्या अंगरख्यात मी फार रुबाबदार दिसायचे, असं मामा म्हणायचे. मला आरसा कुणी दाखवला नाही, पण मामा उगाच कशाला खोटं बोलतील?

टेबलावर काचेच्या पेल्यात थर्मामीटर राहायचा. भलताच ताठ स्वभाव. त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. नर्सबाई मनाने चांगल्या, कामाला वाघ, पण त्यांचा सगळा भरवसा त्याच्यावर. मूल आलं की आधी त्याच्या हवाली. पारा चढला तर घरी चिठ्ठी, नाही चढला तर "काही झालेलं नाही, पाच मिनिटं शेक आणि वर्गात जा." ती पाच मिनिटं माझी असायची.

मित्रांनो, मी सगळा जन्म पोटांवर काढला आहे. त्यामुळे पोटांतलं मला कळतं. खरंच दुखणारं पोट असलं की मूल तळमळतं, कूस बदलतं, मला इकडून तिकडे सरकवतं. पण दुसऱ्या प्रकारचं पोटही असतं. ते मूल हलत नाही. मला दोन्ही हातांनी घट्ट धरून छताकडे बघत राहतं, आणि तास संपल्याची घंटा झाली की त्याचे हात आपोआप सैल पडतात. तुम्हा माणसांच्या बोलण्यात पोट किती कामाला लावलेलं आहे बघा. भीती वाटली की पोटात गोळा येतो. गुपित असलं की पोटात ठेवायचं. दुसऱ्याची चूक झाली तर ती पोटात घालायची. एवढं सगळं एका जागी कोंबल्यावर ती जागा कुरकुरणारच. नर्सबाईंच्या वहीत मात्र या सगळ्याला एकच शब्द होता, पोटदुखी. आणि पोटदुखीच्या पुढे बहुतेक वेळा लिहिलेलं असायचं, ताप नाही.

सहावीतली एक मुलगी अशीच यायची. मी तिला वेणी म्हणते, कारण घाबरली की ती वेणीचं टोक चावायची. वर्गातली मुलं तिला परात म्हणत. त्याचं असं झालं की वाचनाच्या तासाला धडा वाचताना 'राजाने प्रधानाला बोलावले' असं होतं, ते तिने घाईत 'राजाने परातीला बोलावले' असं वाचलं. वर्ग हसून हसून लोळला. दुसऱ्या दिवशी सगळे ते विसरतील असं तिला वाटलं होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

वाचनाचा तास बुधवारी, तिसरा. तेव्हापासून दर बुधवारी दुसरा तास संपला की वेणी पोट धरून हजर. थर्मामीटर म्हणायचा, ताप नाही. पण पाच मिनिटं शेकूनही तिचं पोट काही थांबायचं नाही, म्हणून नर्सबाई तिच्या आईला बोलावून घ्यायच्या. आई कपड्यांना इस्त्री करायच्या दुकानात कामाला होती. हातातलं काम टाकून ती धावत यायची आणि मुलीला घेऊन जायची. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, पोटाची तपासणी झाली. सगळं ठणठणीत निघालं. शेवटी एका बुधवारी आई दारातच टेकली आणि म्हणाली, "बाई, आता माझ्याच्याने होत नाही. हिला शाळा झेपत नसेल तर यंदाचं वर्ष घरीच बसवते. अजून एकदा बोलावणं आलं की नाव काढून घेणार."

वेणीने हे ऐकलं. तिला शाळा आवडायची हो. गणितात ती सगळ्यांच्या पुढे असायची, आणि मधल्या सुट्टीत पहिलीतल्या मुलांना पाणी पाजायला हीच पुढे. तिला नको होता तो फक्त एक तास. पण ते कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि मला तोंड असूनही बोलता येत नाही.

पुढच्या बुधवारी तिने यायचं नाही असं ठरवलं असणार, पण पोटाने ऐकलं नाही. ती आली. नर्सबाईंनी सुस्कारा टाकला, मला तिच्या पोटावर ठेवलं आणि आईला निरोप द्यायला उठल्या. एवढ्यात दारात भाषेचे सर उभे. मुलं त्यांना मागून पूर्णविराम म्हणत, कारण धडा वाचला जात असताना प्रत्येक वाक्य संपलं की ते टेबलावर बोटाने टक् असा ठोका मारत. त्या दिवशी त्यांच्या वर्गावर तपासणीला वरून साहेब आले होते. सरांच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"नर्सबाई, जरा पोटात गडबड आहे," ते म्हणाले. "पाच मिनिटं पडू का?"

ते पडद्यापलीकडच्या खाटेवर आडवे झाले. वेणीने श्वास रोखून धरला. जिच्यापासून पळून यायचं तीच गोष्ट पडद्यापलीकडे येऊन झोपली, असं तिला झालं असेल. मग पलीकडून सरांचा पुटपुटण्याचा आवाज आला, "कसला हा गोळा..."

आणि माझी मुखदुर्बळ पोर चक्क बोलली. "सर, केवढा आहे?"

"कोण ते? काय केवढा?"

"गोळा. माझा संत्र्याएवढा आहे."

पलीकडची खाट करकरली. मला वाटलं, आता रागावतात. पण ते खरोखर मोजत होते. "माझा कलिंगडाएवढा," ते म्हणाले.

"मग ही तुम्ही घ्या," वेणी म्हणाली, आणि तिने मला पडद्याखालून पलीकडे सरकवलं. शाळेत शेकायची पिशवी एकच होती. संत्र्यापेक्षा कलिंगड मोठं, हा तिचा सरळ हिशेब.

सरांचे हात गार पडले होते. त्यांनी मला तिच्यासारखंच दोन्ही हातांनी धरलं. मी लगेच ओळखलं, हे दुसऱ्या प्रकारचं पोट. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू दर बुधवारी येतेस ना इथे?"

"हो."

"बुधवारी तिसरा तास तर माझा असतो."

तोंड दिसत नसलं की बोलणं सोपं जातं. पडद्याकडे बघत वेणी म्हणाली, "आम्ही वाचायला लागलो की तुम्ही टेबल वाजवता. मला वाटतं, चुकलंच माझं. मग मी घाई करते, आणि मग खरंच चुकतं."

"अगं, तो ठोका तू चुकलीस म्हणून नसतो," सर उठून बसत म्हणाले. "लहानपणी मी चार माणसांसमोर वाचताना अडखळायचो. आत्याने शिकवलं, पूर्णविराम आला की बोट टेकव आणि एक श्वास घे. तीस वर्षं मी तो ठोका माझ्यासाठी मारतोय. तू वाचत असलीस तरी श्वास मी घेत असतो." मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "ते परातीचं झालं, तेव्हा मी हसलो होतो का?"

"थोडंसं."

"मग माझं चुकलं."

नर्सबाई दाराशी निरोपाची चिठ्ठी हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी ती चिठ्ठी फाडली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं सांगते, एवढ्या वर्षांत मला त्या इतक्या कधी आवडल्या नव्हत्या. सर गेले ते वर्गाला आणि साहेबांना सांगून मोकळे झाले, की आज माझ्या पोटात गोळा आहे, मी हळू वाचणार. साहेबांनी मान हलवली आणि म्हणे स्वतःचा पट्टा जरा सैल केला. हे मला शिपाईमामांनी सांगितलं.

संध्याकाळी वेणीची आई तिला न्यायला आली. नर्सबाई म्हणाल्या, "ताई, हिला वाचायची भीती वाटते. मी नुसता ताप बघत बसले. मला आधी विचारायला हवं होतं."

आई मुलीकडे बघत राहिली. "मीही डॉक्टर बदलत बसले," ती म्हणाली. मग तिने वेणीची चावून चावून भिजलेली वेणी सोडून पुन्हा घातली. "पुढच्या बुधवारी तो तास बसून बघ. जमलं तर शाळा सुटत नाही. नाहीच जमलं, तर बघू."

तो बुधवार उजाडला आणि नेमका मीच दगा दिला. मामांनी पाणी भरलं तर गळ्याशी बारीक चीर, आणि धार थेट त्यांच्या चपलांवर. इतकी वर्षं एक बुडबुडा न सोडणारी मी, आणि ऐन वेळी ही गत. मला फार वाईट वाटलं. वेणी आली, तिने मला हातात घेतलं आणि तिचा चेहरा पडला.

नर्सबाईंनी थर्मामीटरकडे हातसुद्धा नेला नाही. "केवढा आहे?" त्यांनी विचारलं.

"संत्र्याएवढाच."

"रिकामीच घेऊन जा हिला वर्गात. मांडीवर ठेव."

अशी मी जन्मात पहिल्यांदा वर्गात गेले. बाकाच्या फळीखाली, तिच्या मांडीवर, गार आणि चपटी. तिची पाळी आली. कुणीतरी मागून हळूच 'परात' म्हणालं. वेणी उभी राहिली, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हाताने मला पोटाशी धरलेलं. तिने पहिलं वाक्य वाचलं, आणि पूर्णविराम आला तेव्हा तिचं बोट माझ्यावर टेकलं. टक्. एक श्वास. पुढचं वाक्य. टक्. मध्ये एका शब्दाला ती अडली, थांबली, बोट टेकवलं, श्वास घेतला आणि तोच शब्द नीट वाचला. सरांनी त्या दिवशी टेबल वाजवलं नाही. पान संपलं तेव्हा ती खाली बसली आणि माझ्याकडे वाकून कुजबुजली, "गोळा आहे अजून. पण वाचून झालं."

त्यानंतर नर्सबाईंनी वहीत नवा रकाना आखला, गोळा. वाटाणा, लिंबू, संत्रं, कलिंगड, अशी चित्रं दारावर लावली. आता मुलं येतात, बोट ठेवतात आणि बसून बोलतात. शिक्षकही येतात. परवा मोठ्या बाई स्वतः लिंबावर बोट ठेवून गेल्या. कुणाचं कलिंगड आठवडाभर कमी झालं नाही, तर नर्सबाई त्याला आणि त्याच्या घरच्यांना मनाच्या डॉक्टरांकडे जायला सांगतात, दात दुखल्यावर सांगावं तितक्या सहज. वेणी आता आठवीत आहे. वाचताना अजून बोट टेकवते.

पाण्याच्या कामाला नवी निळी पिशवी आली आहे. पोरगी गुणी आहे, जरा गळ्याशी घट्ट आहे, सुटेल हळूहळू. मला मात्र कुणी टाकून दिलं नाही. अवघड तासाला जाणारी मुलं मला रिकामीच मागून नेतात.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. तुमच्या पोटात काही अडलं असेल तर ते नुसतं पोटात ठेवू नका, कुणाला तरी त्याचं माप सांगा. आणि कुणी पोट धरून गप्प बसलेलं दिसलं, तर त्याचा ताप बघा, जरूर बघा. पण मग लगेच उठून जाऊ नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, केवढा आहे?